फडावरचा फोन आणि आईचा प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. शाळेचं जवळपास अर्धं वर्ष त्यात जातं. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचं एक वेळ निभतं. आई-बापाबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, आलेल्यांची शाळा मात्र तुटते, आणि टोळी बेळगावकडे गेली असेल तर जवळची शाळा बहुधा कन्नड. मराठी धडा मिळायचा तर तो बापाच्या स्मार्टफोनवर. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा धडा उघडतो. पण फोन दिवसभर बापासोबत उसाच्या फडात, कारण ऊस न्यायची गाडी कधी लागणार हे टोळीचा मुकादम फोनवरच कळवतो.

‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?’ असं हे पालक म्हणतात आणि कित्येक शिक्षकही मान डोलावतात. आकडे थोडं वेगळं सांगतात. शाळा बंद असताना 2020 मध्ये झालेल्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत, पाचवीपुढे न शिकलेल्या पालकांच्याही निम्म्याहून जास्त मुलांना घरातून अभ्यासात मदत मिळत होती. त्यात थोरल्या भावंडांचा वाटा मोठा होता. नववी किंवा त्यापुढे शिकलेल्या पालकांच्या घरांत हे प्रमाण 89 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे दरी आहेच.

पण मदत करायला विषय यावाच लागतो का? सुगत मित्रा आणि रितू डंगवाल या शिक्षण-संशोधकांनी तमिळनाडूतल्या कालीकुप्पम गावात मुलांना संगणकावर इंग्रजीतून डीएनएचा धडा दिला. आपलं आपण शिकून मुलं काही टप्प्यापर्यंत पोचली. मग विषयाचा गंध नसलेली एक व्यक्ती नुसती शेजारी बसून ‘अरे वा, हे काय आहे? सांग ना’ म्हणू लागली आणि गुण आणखी वाढले. प्रयोग छोटा होता, सुगत मित्रा यांच्या दाव्यांवर टीकाही झाली आहे. तरी मुद्दा इतर संशोधनाशी जुळतो: वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडताना मेंदूला ते आठवावं लागतं, तुटलेले दुवे जोडावे लागतात. व्हिडिओ नुसता पाहिला की सगळं कळल्यासारखं वाटतं. सांगायला बसलं की कुठे अडतंय ते दिसतं.

म्हणून ‘झाला का अभ्यास?’ हा प्रश्न वायाच जातो. त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘थांबव जरा, आता काय दाखवलं ते मला सांग’ हे भाकरी थापता थापताही विचारता येतं, आणि आईला खरोखरच ठाऊक नसल्यामुळे मुलाला नीट सांगावं लागतं.

बापाकडे तर गणित तयारच असतं. किती टन ऊस तुटला, दर काय, उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांतून, किती फिटले, अजून किती राहिले. हा हिशेब मुलीकडून आधी कागदावर करून घेतला आणि मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर तपासला तर गुणाकार-वजाबाकीचा सराव होतो, शिवाय मुकादमाची वही ताडून पाहता येते. आता अडचण उरते वेळेची. फोन कोपीवर येतो तेव्हा रात्र झालेली असते, बॅटरी संपत आलेली असते आणि पहाटे पुन्हा फडावर जायचं असतं. रेंज असेल तिथे धडे आधीच उतरवून ठेवले तर निदान इंटरनेटसाठी थांबावं लागत नाही.