अंगावर काढलेलं दुखणं आणि बार्शीची नोंदवही

परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली उघडलं. मुंबईतल्या कॅन्सरची रीतसर नोंदणी मात्र १९६३ पासून सुरू झाली. शहरात हे काम रुग्णालयांच्या कागदांवरून भागायचं. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी तशीच नोंदणी सुरू झाली, तेव्हा अडचण वेगळीच होती. कागद व्हायला आधी बाई दवाखान्यात यायला हवी, आणि ती तर दुखणं अंगावर काढत होती.

म्हणून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची माणसंच गावोगाव फिरू लागली. डॉ. बी. एम. नेने यांचं हे काम. विचारायचं एवढंच: छातीत गाठ लागते का, तोंडातला व्रण भरत नाही का, घास अडकतो का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं का, अंगावरून घाण वासाचं पांढरं जातं का. यातलं काही असलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण बहुतेक गाठी सुरुवातीला दुखतच नाहीत, आणि आपल्याकडे न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कामाचा खाडा कोण करतं? या विचारपुशीचा परिणाम दिसला. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. मोजायला गेलेली माणसं उपचारालाच हातभार लावून आली म्हणायचं.

तरी रक्त दिसणं हे तसं उशिराचंच लक्षण. या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो. तो बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. जिथे ठाण मांडतो तिथल्या पेशी बिघडत बिघडत कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेवढा काळ बाईला काहीच जाणवत नाही. हीच संधी धरून १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, एकाची पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्या गटात गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि बिघडलेल्या पेशींचा पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. चौथ्या गटाची तपासणीच नव्हती, आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते.