बटणावर बुक्की मारून काय होतं?

मे महिन्यातली दुपार. पारा पंचेचाळीसच्या पुढे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आमच्या हॉलमध्ये कूलरच्या घरघरीवर मात करणारा धाड-धाड आवाज. शेजारचा सहावीतला मुलगा मी हौसेने बनवलेल्या गेमच्या कपाटासमोर (पार्लरमध्ये असायचं तसं व्हिडिओ गेमचं उभं मशीन) उभा राहून लाल बटणावर बुक्क्या मारत होता.

"अरे, बोटाने दाब ना."

"काका, जोरात मारलं तरच जोरात लागते!"

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे असं वाक्य ऐकलं की गप्प बसवत नाही. पण त्या वयात माझीही हीच श्रद्धा होती. नागपुरात बर्डीवरच्या एका गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाला एक डाव मिळायचा. मशीनला लिंबू-मिरची टांगलेली असायची आणि काही पोरं नाणं कपाळाला लावून मगच आत सोडायची. त्या लिंबाचा फायदा झालाच असेल तर लिंबूवाल्याला. बुक्की मारण्यावर मात्र सगळ्यांचाच विश्वास, नाणं कपाळाला लावणाऱ्यांना हसणाऱ्यांचाही.

गंमत म्हणजे या समजुतीला एकेकाळी खरा आधार होता. १९८७ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने पहिला 'स्ट्रीट फायटर' आणला, तेव्हा त्याच्या एका मोठ्या मशीनवर दोनच जाड गाद्या होत्या: एक ठोशाची, एक लाथेची. गादी जितक्या जोराने हाणाल तितका पडद्यावरचा फटका भारी. हा प्रकार टिकला नाही. त्याच खेळाचं सहा बटणांचं मशीनही आलं, आणि १९९१ च्या दुसऱ्या भागात तर सहा बटणं हाच रिवाज झाला. हलका, मध्यम, भारी असे तीन ठोसे आणि तशाच तीन लाथा. जोर मोजायची कटकट मशीनने सोडून दिली. कोणतं बटण दाबलं यावरून जोर ठरायला लागला. तेव्हापासून एकेका बटणाला दोनच गोष्टी कळतात, दाबलंय किंवा नाही दाबलंय.

तर अशी सहा बटणं, एक जॉयस्टिक आणि 'स्टार्ट'ची दोन छोटी बटणं एका फळीवर बसवायची, एवढंच खरं तर कंट्रोल पॅनेल. मी आधी पुठ्ठ्यावर मांडणी केली. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिमी व्यासाचं असतं आणि जपानी पद्धतीचं मोठं बटणही ३० मिमीचंच, त्यामुळे सहा झाकणं चिकटवून आठवडाभर त्यांवर खोटं-खोटं खेळलो. घरच्यांनी काय विचार केला असेल ते असो. मग १८ मिमीची प्लाय घेऊन सुताराकडे गेलो. त्याने आकृती पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भाऊ, हे काऊन वाकडं काढलं? एका रेषेत घेऊ ना, छान दिसते."

मी त्याला हात टेबलावर सैल ठेवायला सांगितला. तुम्हीही ठेवून पाहा. मधलं बोट सर्वांत पुढे, तर्जनी आणि अनामिका थोडी मागे. बोटांची टोकं कमानीत येतात, म्हणून बटणंही कमानीत. सरळ रेषेत बसवली तर मनगट वळवून धरावं लागतं आणि अर्ध्या तासात ते ठणकू लागतं. दोन बटणांच्या केंद्रांमध्ये मी ३६ मिमी अंतर ठेवलं, आणि फळी उभ्याने खेळताना कोपराच्या किंचित खाली येईल अशी बसवली. या भागावर हौशी मंडळी तासन्‌तास भांडतात. माझं मत असं की पुठ्ठा आणि झाकणं यांपुढे कुणाचाही नकाशा टिकत नाही.

माझा जीव अडकलाय तो फळीच्या खाली.

बटणाचं रंगीत प्लास्टिक ही नुसती टोपी. खरं काम तिच्या बुडाशी लावलेली, आगपेटीहून लहान अशी काळी डबी करते. तिचं नाव मायक्रोस्विच. तुमच्या माऊसच्या बटणाखाली तिची धाकटी बहीण असते, मायक्रोवेव्हच्या दाराच्या कडीमागे ती असते. १९३२ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या फ्रीपोर्ट गावी, एका बॅटरी कंपनीत काम करणाऱ्या पीटर मॅकगॉल यांनी ती शोधली. 'मायक्रो' हे तिच्या आकाराचं वर्णन नाही. फार थोड्या हालचालीत ती काम करते, म्हणून ते नाव.

साध्या स्विचची अडचण अशी. दोन धातूच्या पट्ट्या हळूहळू जवळ आणल्या तर एक क्षण असा येतो की त्या धड टेकलेल्या नसतात आणि धड लांबही नसतात. तिथे ठिणगी पडते, धातू जळतो आणि वीज अडखळते. बोट जितकं हळू, तितका हा अधांतरी काळ जास्त. म्हणजे स्विचची तब्येत दाबणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून! मॅकगॉल यांच्या स्विचने बोटाचा वेग आणि पट्टीचा वेग यांची फारकत केली.

मुली केसांना लावतात ती टिकटिक वाजणारी पिन आठवा. पत्रा ताणून किंचित बाक दिलेला असतो. मधोमध दाबत गेलं की काही वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम 'टक्' करून सगळा बाक उलटा होतो. मायक्रोस्विचच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची अशीच एक पत्ती आहे. तिचा एक भाग ताणात, दुसरा भाग कमानीसारखा दाबात. पत्तीचं मोकळं टोक वरच्या टेकणाला चिकटून बसलेलं असतं. तुम्ही डबीवरचा दट्ट्या खाली ढकलता तेव्हा बोटाची ऊर्जा पत्तीत साठत जाते, आणि टोक जागचं हलत नाही. मग दट्ट्या एका ठरावीक बिंदूच्या पलीकडे जातो, पत्तीच्या रेट्याची दिशा उलटते, आणि टोक वरून सुटून खालच्या टेकणावर जाऊन आदळतं. एकदा सुटलं की त्याला तुमच्या बोटाची गरज उरत नाही. त्याचा वेग ठरवते पत्तीत साठलेली ऊर्जा, आणि ती प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच. गोगलगाईच्या चालीने दाबा नाहीतर बुक्की मारा, पत्ती एकाच तालात उडी मारते. शेजारच्या मुलाला द्यायचं उत्तर खरं तर इथे संपतं.

पण त्यातली आणखी एक हुशारी सांगतोच. बोट वर घेताना पत्ती त्याच बिंदूवर परत उलटत नाही. दट्ट्या बराच जास्त वर यावा लागतो. जाण्याचा आणि येण्याचा बिंदू एकच असता, तर त्या बिंदूवर थरथरणाऱ्या बोटाने बटण दहा वेळा दाबलं-सोडलं असतं. हे अंतर म्हणजे यंत्राने बोटाला दिलेली सवलत.

इतकं चांगलं यंत्र, तरी एक खोड आहेच. पत्तीचं टोक खालच्या टेकणावर वेगाने आदळतं आणि आदळलेली वस्तू उसळते. स्टीलचं भांडं फरशीवर पडल्यावर ठण... ठण.. ठणठण-टर्र होतं ना, तसंच. ही उसळी काही मिलिसेकंद चालते. आपल्या दृष्टीने काहीच नाही, पण माझ्या पॅनेलमधली, बटणांवर नजर ठेवून संगणकाला कळवणारी चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख टिचक्यांवर चालते. एका मिलिसेकंदात तिच्या सोळा हजार टिचक्या होतात. तिला एक दाब दिसतच नाही. जोड-तोड-जोड-तोड अशी रांग दिसते. तिने ती जशीच्या तशी कळवली तर तुमचा योद्धा एका दाबात चार ठोसे मारायला जाईल.

यावर सोपा उपाय: दाब दिसला की पाच मिलिसेकंद थांबा, तोवर उसळी शमते, मग कळवा. बरेच जण हेच करतात. त्याची किंमत मात्र मोजायला हवी. असे खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं. खेळ प्रत्येक चित्राला एकदाच बटणांकडे पाहतो असं धरा. पाच मिलिसेकंद उशीर केलात तर ५ भागिले १६.७, म्हणजे जवळपास ३० टक्के दाब पुढच्या चित्रात ढकलले जातील. कोणते ढकलले जातील ते सांगता येत नाही, आणि हाताला नेमकं तेच खुपतं. कायम सारखाच उशीर असेल तर हात सरावतो, कधी होतो कधी नाही अशा उशिराला सरावत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. पहिला स्पर्श दिसताच लगेच कळवून टाका आणि मग पाच मिलिसेकंद कान बंद करा. उसळीची सगळी ठणठण बंद कानांवर पडते आणि उशीर जवळजवळ शून्य. तिसरा उपाय तर इतका देखणा आहे की तो वापरता आला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मायक्रोस्विचला तीन पाय असतात: सामाईक, वरच्या टेकणाचा आणि खालच्या टेकणाचा. टोक खाली उसळलं तरी ते पार वरच्या टेकणापर्यंत काही जात नाही. मग दोन नॅन्ड गेट (दोन सिग्नल पाहून हो-नाही ठरवणारी छोटी सर्किटं) एकमेकांना उलट-सुलट जोडून अशी स्मृती बनवायची, जी खालचा पहिला स्पर्श झाला की पालटते आणि वरचा स्पर्श होईपर्यंत हटत नाही. ना थांबणं, ना कान बंद करणं. पण ७४०० या चिपमध्ये चारच गेट, म्हणजे दोनच बटणं. जॉयस्टिकच्या आतले चार धरून माझे एकूण १२ स्विच, म्हणजे सहा चिपा आणि प्रत्येक स्विचला दोन सिग्नल तारा. घरच्यांच्या सहनशक्तीला मर्यादा असते.

बाजारात अशी चिप बसवलेले आणि 'झिरो डिले', म्हणजे शून्य उशीर, असं ठसठशीत छापलेले तयार बोर्ड मिळतात. झिरो काही नसतं. यूएसबीवर संगणक ठरावीक काळाने विचारतो, "काही आहे का?" तो काळ बोर्डानुसार एक मिलिसेकंदापासून आठ-दहापर्यंत असतो, आणि तो पाकिटावर छापलेला नसतो. याउलट 'सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट' हे ऐकायला थाप वाटतं, पण त्यात तथ्य आहे. चांदीच्या टेकणावर काळपट थर चढतो. मोठा प्रवाह तो थर भेदून जातो. चिपच्या आतल्या रोधातून (रेझिस्टरमधून) मात्र एक मिलिअँपियरही वाहत नाही, आणि इतका बारीक प्रवाह थरापाशीच अडतो. सोन्यावर असा थर चढत नाही. मी सोनं टाळलं आणि बाहेरून एक किलोओहमचा रोध लावला. ५ व्होल्टवर ५ मिलिअँपियर वाहतात आणि काम भागतं.

जॉयस्टिकमध्येही असेच चार मायक्रोस्विच असतात, चार दिशांना. तिरकं म्हणजे शेजारचे दोन एकदम दाबलेले. आता शाळेतला साइन आठवा. काठीचं खालचं टोक मधून १० मिमीपर्यंत सरकतं आणि स्विच २ मिमीवरच वाजतो असं समजा. मग गोल फिरवताना ज्या कोनाचा साइन ०.२ त्याच्या आत, म्हणजे साडेअकरा अंशांच्या आत काठी असेल तरच ती 'सरळ' धरली जाईल. प्रत्येक सरळ दिशेला २३ अंश आणि तिरक्या दिशेला ६७! आठही दिशांना ४५-४५ अंश द्यायचे तर स्विच ३.८ मिमीवर वाजायला हवा, कारण साइन २२.५ म्हणजे ०.३८. हे गणित न करता स्विच बसवले म्हणून माझा १९८० चा 'पॅक-मॅन' प्रत्येक वळणावर अडून बसायचा. त्याच्या चक्रव्यूहात तिरकी वाटच नाही, आणि माझी काठी सारखी तिरकंच सांगत होती. आता तो खेळ लावताना काठीची हालचाल अडवणारी, चौकोनी भोकाची चकती ४५ अंशांनी फिरवतो. मग काठी कोपऱ्यांत, म्हणजे चार सरळ दिशांतच जाते.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. पिनेपर्यंत तो ऐकत होता, नॅन्ड गेटला त्याने जांभई दिली. मग विचारलं, "मग काका, माझा जोर जाते कुठे?"

प्रश्न बरोबर होता. दट्ट्या तळाला टेकला की उरलेला सगळा जोर फळीत जातो. फळी वाकते, परत येते, आणि तिच्यात घट्ट बसवलेले स्क्रू दर बुक्कीला केसभर सैल होतात. रात्री पॅनेल उलटं करून पाहिलं तर जॉयस्टिकच्या चारपैकी दोन स्क्रू बोटाने फिरत होते. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून खालून सागाची आडवी पट्टी ठोकून घेतली. त्याने काम झाल्यावर लाल बटणावर स्वतः एक बुक्की मारून पाहिली आणि पडद्याकडे बघत राहिला.