इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही

‘इमारत गेली की भाडेकरू गेला’ असं वाड्यांत, चाळींत वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. मग घाबरलेली माणसं मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळी होतात. हे साफ चुकीचं आहे. भाडेपट्टा फक्त भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. महापालिकेने पाडलेल्या इमारतीबाबतच्या शहा रतनसी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हेच स्पष्ट केलं आणि स्वतःचाच आधीचा उलट निकाल मोडीत काढला.

मात्र पुरावा हवा. मुंबईत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक इमारत पाडण्याआधी पालिका भाडेकरूंच्या जागेचं क्षेत्रफळ नोंदवते. त्या नोंदीची प्रत मागाच. भाडेपावत्या, वीजबिलं सामानाच्या टेम्पोत टाकू नका, स्वतःजवळ ठेवा.