मिशन हॉस्पिटल ते गावची आरोग्य कार्यकर्ती

१९६४ साली जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये चर्चच्या वैद्यकीय कामाशी संबंधित डॉक्टर आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक एकत्र बसले. चर्चने हॉस्पिटलं चालवायची ती नेमकी कशासाठी, असा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जवळजवळ दीडशे वर्षं काम केल्यावर हा प्रश्न पडावा, हे थोडं उशिराचंच म्हणायचं. पण वेळच तशी आली होती.

ख्रिस्ती वैद्यकीय कामाची सुरुवात एकेकट्या डॉक्टरांपासून झाली. जॉन स्कडर १८१९ मध्ये सिलोनला पोचले, पीटर पार्कर यांनी १८३५ मध्ये चीनमधल्या कॅन्टनला डोळ्यांचा दवाखाना काढला, क्लारा स्वेन १८७० मध्ये बरेलीत उतरल्या. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांचं हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं. त्याच साली लुधियान्यात एडिथ ब्राउन यांनी बायकांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. यामागचा हेतू शुद्ध आरोग्याचा नव्हता, हे आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. औषधाची पेटी ही सुवार्तेला घरात शिरण्याची वाट करून देते, असं तेव्हाची मिशनरी मंडळं उघडपणे लिहीत. धर्मांतराच्या आरोपाची सावली या कामावर आजही पडते ती त्या लिखाणामुळेही. कॅथलिकांची अडचण आणखी वेगळी होती. जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, बाळंतपणं करू नयेत, असा चर्चचा नियम होता आणि तो १९३६ मध्ये बदलला. आना डेंगेल यांनी रावळपिंडीत बायका डॉक्टरीणबाईअभावी मरताना पाहिल्या होत्या. १९२५ मध्ये त्यांनी वैद्यकीय काम करणाऱ्या भगिनींचा संघ काढला, तोही नियमाला वळसा घालतच.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज काढणाऱ्या आयडा स्कडर म्हणजे या जॉन स्कडर यांची नात. तरुणपणी वडिलांच्या घरी असताना एका रात्री तिघेजण एकामागून एक दारात आले. प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडली होती. आयडा डॉक्टर नव्हती. डॉक्टर असलेल्या वडिलांना, म्हणजे परपुरुषाला, घरात घ्यायला तिघांचीही तयारी नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ही गोष्ट वेल्लोरच्या इतिहासात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती ऐकून कान गुळगुळीत व्हावेत. तरी मला तिच्यात एक गोष्ट दिसते. त्या बायका औषध नव्हतं म्हणून गेल्या नाहीत. डॉक्टर, औषध, दवाखाना सगळं हाकेच्या अंतरावर होतं. उंबरा ओलांडता आला नाही, इतकंच. आयडा डॉक्टर होऊन परतल्या, १९०० मध्ये एका खाटेचा दवाखाना सुरू केला आणि पुढे आठवड्यातून एकदा रस्त्याच्या कडेला, झाडाखाली रोगी तपासत गावोगाव जाऊ लागल्या. बाहेर जाण्याची कल्पना मुळात नवी नव्हती. पण पुढची पन्नास वर्षं बहुतेक ठिकाणी ती हॉस्पिटलची जोडशाखाच राहिली. पैसा, खाटा आणि प्रतिष्ठा इमारतीकडे गेली.

मग हिशेब बिनसला. दुसऱ्या महायुद्धानंतर देश स्वतंत्र होऊ लागले, परदेशी देणग्यांचा ओघ आटू लागला, तर एक्स-रे, प्रयोगशाळा, शस्त्रक्रियेची सामग्री महागत गेली. हॉस्पिटल जगवायचं तर फी वाढवायची. फी वाढवली की ज्याच्यासाठी दार उघडलं तोच दारावरून परत जायचा. चर्चशी संलग्न हॉस्पिटलांच्या पाहण्या झाल्या तेव्हा दिसलं की सुमारे ९५ टक्के काम निव्वळ उपचारांचं आहे, आणि दाखल होणाऱ्यांपैकी निदान निम्मे टाळता येण्याजोग्या आजारांचे आहेत. जुलाब झालेलं मूल सलाईन लावून बरं करायचं, त्याच विहिरीच्या पाण्यावर परत पाठवायचं आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच खाटेवर घ्यायचं, असं ते चक्र होतं.

ट्युबिंगनच्या बैठकीत निघालेलं उत्तर धार्मिक भाषेत होतं: माणसाला बरं करणं हे फक्त डॉक्टरांचं काम नाही, ते सगळ्या मंडळीचं आहे. मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतात, म्हणून हे वाक्य आपल्याकडे अधिकच चपखल बसतं. १९६७ मध्ये तिथेच दुसरी बैठक झाली आणि १९६८ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसने, म्हणजे अनेक देशांतल्या चर्चच्या संयुक्त संघटनेने, जिनिव्हात ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केलं. जेम्स मॅकगिल्व्हरी त्याचे पहिले संचालक. कमिशनकडे पैसा फारसा नव्हता, त्यामुळे हॉस्पिटलं बांधण्याचा मोह आपोआपच टळला. कुठे काय चाललंय ते शोधणं आणि 'कॉन्टॅक्ट' नावाच्या छोट्या नियतकालिकातून ते सगळ्यांना कळवणं, हे त्याचं मुख्य काम.

सांगण्यासारखं बरंच काही जामखेडला घडत होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरचे विद्यार्थी. नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली होती आणि वर सांगितलेलं तेच चक्र रोज पाहिलं होतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेड या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केलं. पहिली योजना रीतसर होती: प्रशिक्षित नर्स गावात ठेवायची. ती फसली. शहरात शिकलेली मुलगी खेड्यात एकटी रमेना, आणि गावातल्या बायकाही तिच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, गावी जाऊन करायच्या आणि पुढच्या खेपेला काय जमलं, काय फसलं ते सांगायच्या. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मुलांची वजनं, जुलाब लागलेल्या मुलाला घरीच मीठ-साखरेचं पाणी; अवघड केस मात्र वेळेत जामखेडला धाडायची. शिकायला लागणारी अक्कल आणि अक्षरओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे रोज सिद्ध होत होतं.

पण लोकांनी सुरुवातीला आरोग्य मागितलंच नव्हतं. त्यांना पाणी हवं होतं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा विहिरी आणि लहान मुलांचं जेवण हेच आरोग्यकार्य ठरलं. हातपंप बसवताना ते दलित वस्तीत येतील असं पाहिलं गेलं. पाणी हवं असेल तर सगळ्यांनी तिकडे जायचं. कळशी घेऊन रांगेत उभं राहायचं, पुढच्या दलित बाईने दांडा मारून दिला तर तो तिने मारलाय हे चालवून घ्यायचं. जातीवर एकही भाषण न देता केलेलं हे काम मला सगळ्या लशींपेक्षा धाडसाचं वाटतं. त्या भागातला बालमृत्यूदर सुरुवातीला हजारी १७६ होता. १९९०च्या दशकात तो पंचवीसच्या आसपास आला.

जिनिव्हात वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कार्यालयं एकमेकांपासून लांब नाहीत. १९७३ मध्ये संघटनेचे महासंचालक झालेले हाफडान माहलर डॅनिश बाप्टिस्ट उपदेशकाचे चिरंजीव, आणि त्यांनी भारतात क्षयरोगावर जवळजवळ दशकभर काम केलेलं. दोन्ही कार्यालयांच्या संयुक्त बैठका सुरू झाल्या. १९७५ मध्ये संघटनेने लोकांनीच उभ्या केलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढलं. त्यात चीन-क्यूबाच्या सरकारी प्रयोगांच्या जोडीला जामखेड, ग्वाटेमालातलं चिमाल्तेनांगो आणि मध्य जावातलं काम होतं, आणि हे तिन्ही प्रकल्प ख्रिश्चन मेडिकल कमिशनला आधीपासून माहीत होते. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला, त्यात लोकसहभागाची जी कलमं आहेत त्यांची मुळं इथवर येऊन भिडतात. सोव्हिएत भूमीवर झालेल्या परिषदेच्या घडणीत चर्चच्या एका छोट्या कार्यालयाचा हात असावा, ही गंमत फारशी कुणी सांगत नाही.

जाहीरनाम्याची शाई वाळते न वाळते तोच, १९७९ मध्ये, 'निवडक' प्राथमिक आरोग्यसेवेचा पर्याय पुढे आला: सगळं करणं परवडणार नाही, मोजकीच स्वस्त आणि मोजता येणारी कामं करा. युनिसेफने लसीकरण, मीठ-साखरेचं पाणी, स्तनपान आणि वाढीचा आलेख यांवर भर दिला. त्यातून मुलं वाचली, हे खरंच आहे. पण हातपंप कुठल्या वस्तीत बसवायचा, हा प्रश्न त्या यादीत कुठेच नव्हता.

भारत सरकारने २००५ मध्ये 'आशा' कार्यकर्तीची योजना आणली. बाई त्याच गावची हवी, हे सूत्र तेच. निवडीच्या निकषांत मात्र आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट होती. तशी बाई मिळालीच नाही तर ती शिथिल करता यायची. जामखेडच्या पहिल्या तुकडीतल्या बहुतेक जणी त्या अटीत बसल्या नसत्या.