तांबी, सुई आणि पुलाखालचा पत्ता

केसपेपरच्या खिडकीत आधी नाव विचारतात, मग वय, मग पत्ता. ती तिसऱ्या प्रश्नाला अडली. "स्वारगेटच्या पुलाखाली," तिने सांगितलं. खिडकीतल्या माणसाने पेन थांबवलं. "असं नाही लिहिता येत ताई. नीट पत्ता सांगा." कडेवरचं आठ महिन्यांचं पोर रडायला लागलं, मागची रांग चुळबुळू लागली. तांबी (कॉपर-टी) बसवायची म्हणून ती सकाळपासून उभी होती. शेवटी मी माझ्या घरचा पत्ता लिहायला सांगितला, तेव्हा कुठे केसपेपर निघाला.

पाळणा लांबवायची साधनं आपल्याकडे बरीच आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक साधन बाईला घर आहे असं धरून चालतं. गोळ्यांचं पाकीट ठेवायला फळी, भिंतीवर कॅलेंडर, मोरी, पाणी आणि दाराला आतून कडी, एवढं सगळं त्यात न बोलता येतं.

मोजदादीतही तेच. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख माणसं बेघर नोंदली गेली. पण किती बायका कोणतं साधन वापरतात हे ज्यातून कळतं, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरांची यादी करून त्यातून निवडलेल्या घरांत केलं जातं. आशाताईंकडेही घरंच वाटून दिलेली असतात. पुलाखाली झोपणारी बाई यातल्या कुठल्याच यादीत येत नाही.

आता गोळीचं बघू. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. हार्मोनची गोळी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला गप्प ठेवते, त्यामुळे अंडाशयात बीज पिकत नाही. मात्र हा निरोप रोज पोचावा लागतो. दोन-तीन दिवस चुकले की अंडाशय पुन्हा कामाला लागू शकतं. गोळी नेमाने घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. प्रत्यक्षात विसराविसर धरून साधारण सातजणींना राहतात, आणि हा आकडा बहुतांशी घरात राहणाऱ्या बायकांचा आहे. जिचं बोचकं एका पावसात भिजतं किंवा अतिक्रमणाच्या गाडीत जातं, तिचं पाकीटही त्याच्याबरोबरच जातं.

त्यात क्षयाचं औषध सुरू असेल तर आणखी एक अडचण. क्षयावरचं रिफॅम्पिसिन यकृतातल्या विकरांना (एन्झाइमना) इतकं कामाला लावतं की गोळीतली हार्मोन्स नेहमीपेक्षा लवकर मोडली जातात. बाई रोज न चुकता गोळी घेते आणि तरी दिवस राहू शकतात. फिटच्या काही औषधांचंही असंच आहे. क्षय रस्त्यावर नवा नाही. म्हणून गोळी लिहून देण्याआधी "दुसरी कुठली औषधं चालू आहेत का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

छाया ही गोळी वेगळी. तिच्यातलं सेंटक्रोमॅन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं. ते हार्मोन नाही. बीज नेहमीसारखं सुटतं, पण गर्भपिशवीच्या अस्तरावर इस्ट्रोजेन या हार्मोनचा परिणाम नीट होत नाही, त्यामुळे बीज आणि अस्तर यांची वेळ जुळत नाही आणि गर्भ रुजत नाही. हे औषध रक्तातून फार सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून ती रोज घ्यावी लागत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. सुरुवात रविवारी केली तर पहिल्या तीन महिन्यांचे वार ठरतात रविवार आणि बुधवार. पुण्यात जुना बाजार याच दोन वारांना भरतो! भंगार आणि जुने कपडे विकणाऱ्या बायकांना तारीख सांगता येत नाही, पण बाजाराचा वार त्या कधी चुकत नाहीत. मंगळवार पेठेत बाजाराला निघताना एक गोळी, एवढं सांगितलं की पुरतं. क्षय, कावीळ किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र ही गोळी देत नाहीत.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते सुईबद्दल. अंतरा हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलं. त्यात १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन असतं, बारीक कणांच्या रूपात. दंडात किंवा कमरेत दिलं की हे कण स्नायूत बसून राहतात आणि तीन महिने हळूहळू विरघळतात. म्हणूनच सिस्टर बजावतात, "जागा चोळायची नाही, शेकायची नाही." चोळलं तर औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. रिफॅम्पिसिनचाही या सुईवर फारसा परिणाम होत नाही. बोचक्यात ठेवायला काही नाही, पुरुषाला दाखवायला काही नाही. रात्रीची सोबत म्हणून धरलेला माणूस निरोध वापरायला तयार नसेल, तर हे लपून राहणं फार महत्त्वाचं असतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, सुई गर्भ थांबवते, गुप्तरोग आणि एचआयव्ही नाही. ते काम निरोधच करतो.

पण या सुईने पाळी बिघडते. आधी मधूनमधून डाग लागतात, आणि वर्षभरात साधारण निम्म्या बायकांची पाळी थांबते. घरातल्या बाईला याची काळजी वाटते. आडोसा नसलेल्या, पाण्यासाठी सार्वजनिक शौचालयात पैसे मोजणाऱ्या बाईला हीच सुटका वाटू शकते. तरी तिच्या मनात भीती असतेच: "रक्त आत साठतंय का ताई?" नाही. सुईमुळे गर्भपिशवीचं अस्तर जाड होतच नाही, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. हे एक वाक्य नीट सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या सुईला न आलेल्या बायका मला माहीत आहेत. आणखी एक सांगायला हवं. पुन्हा मूल हवं असेल तर शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

तीन महिने मोजायचे कसे, हा प्रश्न एका सिस्टरनेच सोडवला. त्या कार्डावर तारीख लिहितातच, पण तोंडाने सांगतात: पाडव्याला, मग पालख्या येतील तेव्हा, मग घट बसतील तेव्हा, मग कॅम्पात नाताळचे दिवे लागतील तेव्हा. मी पंचांग घेऊन पडताळलं. ही अंतरं ऐंशी ते पंचाण्णव दिवसांच्या आसपास येतात. सुई दोन आठवडे आधी आणि चार आठवडे उशिरापर्यंत चालते, त्यामुळे हे बसतं. मध्ये अधिक महिना आला की मात्र सण लांबतात, तेव्हा कार्डावरची तारीखच धरायची.

तांबीची गोष्ट सरळ आहे. तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात. ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, काही लक्षात ठेवावं लागत नाही, आणि वर्षभरात शंभरात एखादीलाच दिवस राहतात. मात्र तांबीने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं आणि रस्त्यावरच्या बायकांच्या अंगात रक्त आधीच कमी असतं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते. बेघर बाई दवाखान्यात हमखास सापडते ती याच दोन दिवसांत, नंतर ती कुठे जाईल सांगता येत नाही. पण विचारायचं ते आधी, गरोदरपणाच्या तपासणीत. कळा सोसणाऱ्या बाईने दिलेला होकार हा होकार नव्हे.

बाळंतिणींचा एक समज मात्र घातक आहे: पाळी आली नाही तोवर दिवस राहत नाहीत. बीज पाळीच्या आधी सुटतं. बाळ अंगावर पीत नसेल तर बाळंतपणानंतर महिन्याभरातही सुटू शकतं.

रस्त्यावर जबरदस्ती होते, हे टाळून पुढे जाता येणार नाही. अशा वेळी ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी बीज सुटणं लांबवते. आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी त्याहून खात्रीची. अत्याचारग्रस्त बाईवर प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, ताबडतोब मोफत उपचार करावेत असा कायदा आहे. आणि दिवस राहिलेच तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारग्रस्त, अल्पवयीन, मनोरुग्ण अशा काही स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत. नवऱ्याची सही लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते.

संमतीवर मी अडून बसते त्याला पुण्यातलंच कारण आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या ससून रुग्णालयात काढल्या गेल्या. पाळीतली स्वच्छता हे कारण सांगितलं गेलं. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं. २००९ मध्ये चंडीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि सौम्य मतिमंदत्व असलेल्या बाईचीही संमती डावलता येत नाही. "हिचं एकदाचं ऑपरेशनच करून टाका" असं फूटपाथवरच्या वेडसर बाईकडे बघून म्हणणारी भली माणसं मला आजही भेटतात. त्यांना तिचं मूल दिसतं, ती दिसत नाही.

याच शहरात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी गुप्तपणे यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं हे त्यांनी ठरवावं, अशी ती सोय होती.

स्वारगेटच्या त्या बाईचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी तांबी आणि सुई दोन्हींचं बरं-वाईट तिला समजावून सांगितलं. ती बराच वेळ पोराच्या अंगावरून हात फिरवत बसली आणि मग सुईला हो म्हणाली. तेव्हा नुकताच पाडवा झाला होता. भवानी पेठेत आणि नाना पेठेत पालख्या मुक्कामाला आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी उभी होती. पोर आता चालायला लागलं होतं. खिडकीतून पत्ता विचारला गेला, तेव्हा तिने पोलक्यातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला जुना केसपेपर काढला आणि पुढे केला.