‘मी कोण’ आणि ‘मी कशासाठी’ यातली गल्लत

वंशाचा अभिमान असला की माणसाला जगायला कारण मिळालंच असं बरेच जण धरून चालतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उद्देशाचं आधी उरकतो. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा भाग मांडले, त्यात स्वतःला स्वीकारणं, माणसांशी चांगले संबंध वगैरे आहेत आणि जगण्याचा उद्देश हाही त्यातलाच एक. त्यामुळे ‘उद्देशाने स्वास्थ्य वाढतं’ असं कुणी म्हटलं की मी आधी बघतो नक्की मोजलंय काय, नाहीतर तीच गोष्ट दोनदा मोजून संबंध सापडला म्हणायचं, असा घोळ होतो.

वांशिक ओळखीचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आफ्रिकन अमेरिकन लोकांसाठी जे मॉडेल मांडलं त्यात ही ओळख म्हणजे कमी-जास्त होणारा एकच आकडा नाहीये. काळं असणं माझ्यासाठी किती महत्त्वाचं, हा एक प्रश्न. काळ्या लोकांबद्दल मला स्वतःला कसं वाटतं, हा दुसरा. आणि बाकीचा समाज आमच्याकडे कसा बघतो असं मला वाटतं, हा तिसरा, आणि गंमत इथेच आहे.

समजा अमेरिकेत दोन काळ्या मुली दुकानात गेल्या आणि गार्ड त्यांच्या मागे मागे फिरायला लागला. एकीला आधीपासूनच माहितीये की लोक आपल्याकडे संशयाने बघतात, ती ‘झालं सुरू’ म्हणते आणि शाम्पू घेऊन बाहेर पडते. दुसरीला वाटत होतं की जग आपल्याला बरं समजतं, ती रात्री अंथरुणात पडून ‘मी असं काय केलं’ हेच उगाळत बसते. सेलर्स आणि निकोल शेल्टन यांच्या २००३ च्या अभ्यासात काळ्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये साधारण हेच दिसलं, समाज आपल्याकडे चांगल्या नजरेने बघत नाही असं मानणाऱ्यांच्या मनावर भेदभावाचा परिणाम कमी झाला. म्हणजे जे वाचायला निराशाजनक वाटतं तेच इथे ढाल झालं!

आता यात उद्देश कुठे? गार्ड असा का वागला हे उद्देश सांगत नाही, तो फार तर सकाळी उठून नर्सिंगच्या परीक्षेला बसवतो. कधी दोन्ही एकमेकांत मिसळतात, एखादी आपल्याच लोकांवर नीट उपचार व्हावेत म्हणूनच नर्स होते. तिच्या शेजारच्या बाकावरची तितक्याच अभिमानाने काळी असते आणि पुढे काय करायचं हे तिला अजून सुचलेलं नसतं.