तीन गुणांची रेषा आणि स्टेफन करी

पॅरिस ऑलिंपिकमधली बास्केटबॉलची अंतिम लढत आपल्याकडे ११ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुरू झाली. फ्रान्स घरच्या प्रेक्षकांसमोर खेळत होता आणि अमेरिकेला सुटू देत नव्हता. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना स्टेफन करीने लांबून, एकामागोमाग एक, चार थ्री-पॉइंटर टाकले, म्हणजे रिंगपासून लांब आखलेल्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट. शेवटच्या वेळी तर दोन बचावपटू हात उंचावून अंगावर आले होते. अमेरिका ९८-८७ ने जिंकली. त्या रात्री करीने २४ गुण केले आणि त्यातला प्रत्येक गुण रेषेबाहेरून आला होता.

मुंबईत संध्याकाळी कुठल्याही बास्केटबॉल कोर्टवर जा, दहा-अकरा वर्षांची मुलं पहिला शॉट कुठून मारतात ते दिसेल. तीन गुणांच्या त्या चापासारख्या रेषेच्या बाहेरून. चेंडू कमरेपाशी धरायचा, गुडघ्यांतून सगळं बळ एकवटायचं आणि दोन्ही हातांनी भिरकावायचा. बहुतेक वेळा तो रिंगला शिवतही नाही. या मुलांचं मला कौतुक आहे, कारण त्यांना खेळाची ओढ लागली आहे. पण मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात त्यांना गोष्टीचा फक्त शेवट दिसतो. तिची सुरुवात बरीच मागची आहे, काही अंशी करीच्या जन्माच्याही आधीची.

बास्केटबॉल १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या व्यायामशाळेत जन्मला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्यानंतर कितीतरी वर्षं चालू खेळातल्या प्रत्येक बास्केटचं मोल सारखंच राहिलं, मग ती रिंगखालून करा नाहीतर अर्ध्या मैदानावरून. त्यामुळे खेळ साहजिकच रिंगखाली गोळा झाला. उंच माणूस शोधायचा, त्याला रिंगपाशी उभा करायचा आणि चेंडू त्याच्याकडे पोचवायचा, हेच शहाणपण होतं.

लांबच्या फेकीला जादा गुण देण्याचा प्रयोग एका व्यावसायिक लीगने १९६१ मध्ये केला. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गाजलेल्या संघाचे मालक एब सेपरस्टीन यांची ही लीग दीड वर्षही टिकली नाही. १९६७ मध्ये एबीए ही नवी लीग आली आणि तिने रेषा उचलली. लाल-पांढरा-निळा चेंडू आणि तीन गुणांची रेषा ही प्रेक्षक खेचण्यासाठी केलेली तजवीज होती. एनबीए ही प्रस्थापित लीग तिकडे नाक मुरडत असे. १९७६ मध्ये एबीए बंद पडली, तिचे चार संघ एनबीएत आले, पण रेषा यायला आणखी तीन वर्षं गेली. १२ ऑक्टोबर १९७९ ला बोस्टन सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्डने ह्यूस्टनविरुद्ध मारलेला थ्री हा एनबीएतला पहिला मानला जातो. त्या मोसमात एक संघ सामन्यात सरासरी तीन थ्रीसुद्धा मारून पाहत नव्हता.

गणित खरं तर शाळकरी आहे. दोन गुणांच्या शंभर फेकींपैकी पन्नास लागल्या तर शंभर गुण. तीन गुणांच्या शंभरपैकी चौतीस लागल्या तर एकशे दोन. हे कागदावर कुणालाही दिसत होतं, मग एवढी वर्षं प्रशिक्षक का थांबले? एक तर त्यांना सवय दुसरीच होती. आणि एनबीएची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर, कोपऱ्यात २२ फुटांवर. तिथून सातत्याने चौतीस टक्के लावणारे खेळाडूच मोजके होते. ते संघात असत ते मोकळं सोडलं तर शिक्षा देणारे नेमबाज म्हणून. खेळ त्यांच्याभोवती बांधला जात नसे.

डेल करी हा असाच एक नेमबाज. एनबीएत सोळा मोसम, त्यातले बहुतेक शार्लट हॉर्नेट्सकडून, आणि बहुतांश वेळा बदली खेळाडू म्हणून. त्याचा थोरला मुलगा स्टेफन १४ मार्च १९८८ ला ॲक्रन इथे जन्मला आणि सामन्यांआधी वडिलांसोबत कोर्टवर चेंडू फेकत मोठा झाला.

या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा काळ मला विजेतेपदांचा वाटत नाही. शाळेत असतानाची एक उन्हाळी सुट्टी वाटते. स्टेफन तेव्हा लहानखुरा होता. हातांत ताकद कमी, म्हणून तो चेंडू कंबरेजवळून वर फेकायचा, अगदी आपल्या मैदानांवरच्या पोरांसारखा. शाळेत तसं खपून जातं, पण पुढे कुणीही उंच बचावपटू तो शॉट अडवणार हे डेल ओळखून होता. त्याने मुलाची फेक मुळापासून मोडली आणि चेंडू कपाळाच्या वरून सोडायला शिकवलं. त्यासाठी रिंगच्या अगदी जवळ यावं लागलं. कित्येक आठवडे त्या मुलाला लांबून एकही शॉट धड मारता येत नव्हता. जे सगळ्यात चांगलं यायचं तेच हातातून गेलं होतं आणि सरावाच्या शेवटी डोळ्यांत पाणी यायचं. करीने हे स्वतःच नंतर सांगितलं आहे. आज जो झटकन सुटणारा, उंच कमान घेणारा शॉट आपण पाहतो, तो त्या सुट्टीत घडला.

तरीही मोठ्या कॉलेजांनी त्याला शिष्यवृत्ती दिली नाही. वडिलांचं कॉलेज व्हर्जिनिया टेकसुद्धा शिष्यवृत्तीविना या, म्हणालं. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजच्या बॉब मॅकिलप यांनी त्याला घेतलं. पहिल्याच सामन्यात करीने तेरा वेळा चेंडू गमावला. मॅकिलपनी त्याला बसवलं नाही. पुढच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. २००८ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत डेव्हिडसनने गोन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन या बड्या संघांना हरवलं आणि कॅन्ससपुढे ५९-५७ असं दोन गुणांनी हार खाल्ली.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्याआधी पाचव्या आणि सहाव्या क्रमांकांवर मिनेसोटाने त्याच्याच जागी खेळणारे दोन गार्ड निवडले होते. पुढे उजव्या घोट्याने बराच काळ खाल्ला. २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या, २०११-१२ मध्ये तो जेमतेम २६ सामने खेळला. त्याच मोसमात संघाने लोकांचा लाडका खेळाडू माँटा एलिस मिलवॉकी संघाला दिला आणि घोटा धरून बसलेल्या करीला ठेवलं, तेव्हा मालकाची घरच्याच मैदानात हुर्यो उडवली गेली. चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा त्याचा नवा करार दुखापतीच्या भीतीपोटीच एवढा माफक होता. हाच स्वस्त करार पुढे संघाला बाकीचे चांगले खेळाडू गोळा करायला कामी आला. दरम्यान नव्या तंदुरुस्ती-प्रशिक्षकांनी घोट्यावरचा भार कमी करण्यासाठी त्याच्या कंबर-मांड्यांची ताकद वाढवण्यावर भर दिला.

२०१४ मध्ये स्टीव्ह कर प्रशिक्षक झाले. एनबीएच्या इतिहासात थ्रीची टक्केवारी सर्वांत चांगली असलेला माणूस आता खेळ आखत होता, आणि त्याच्या हाताशी करी होता. २०१५ ला वॉरियर्सने चाळीस वर्षांनी विजेतेपद मिळवलं. पुढच्या मोसमात ७३ विजय आणि ९ पराभव, म्हणजे १९९५-९६ च्या शिकागोचा ७२ विजयांचा विक्रम मागे. एका मोसमात ३०० थ्री कुणीच केले नव्हते. करीने ४०२ केले. अंतिम फेरीत मात्र ३-१ अशी आघाडी घेऊन संघ क्लीव्हलंडकडून हरला. २०१७, २०१८ आणि २०२२ ची विजेतेपदं त्यानंतरची. १४ डिसेंबर २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये त्याने रे ॲलनचा २,९७३ थ्रींचा विक्रम मोडला. ॲलनला १,३०० सामने लागले होते, करीला ७८९.

आता एनबीएतला एक संघ सामन्यात सरासरी ३७ च्या वर थ्री मारून पाहतो. सगळे एकाच साच्यात खेळतात, अशी तक्रार जुने प्रेक्षक करतात आणि तिच्यात तथ्य आहे.

मुंबईचा या खेळाशी संबंध मोबाइलच्या कितीतरी आधीचा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. पुढे टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून नावारूपाला आलेली संस्थाही १९३६ मध्ये याच वास्तूत सुरू झाली. दाटीवाटीच्या त्या वस्तीत क्रिकेटला पुरेल एवढी मोकळी जागा नव्हती, पण बास्केटबॉलपुरती होती. तिथल्या गल्ल्यांनी भारतीय संघाला एकाहून एक खेळाडू दिले. अब्बास मुंतसीर त्यांतले सगळ्यात नावाजलेले, भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते. त्यांच्या उमेदीच्या काळात तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत नव्हतीच, ती १९८४ मध्ये आली, ६.२५ मीटरवर. २०१० मध्ये ती ६.७५ मीटरवर सरकली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, इंडियाना विरुद्ध सॅक्रामेंटो. पहिल्या दिवशीचं प्रेक्षागृह शाळकरी मुलांनी भरलं होतं. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि त्याआधी वॉरियर्सचे सहमालक. करीने आपला ४,००० वा थ्री १३ मार्च २०२५ ला मारला, तोही या सॅक्रामेंटोविरुद्धच.

सामन्याआधीचा करीचा सराव इंटरनेटवर पूर्ण पाहायला मिळतो, आणि मुलांना दाखवायचाच असेल तर तो दाखवावा. आधी दोन हातांत दोन चेंडू घेऊन ड्रिबल. मग रिंगजवळच्या छोट्या फेकी, डाव्या हातानेही. रेषेबाहेर तो बऱ्याच वेळाने जातो. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने मिनी-बास्केटबॉलचे नियमच वेगळे केले आहेत: चेंडू पाच नंबरचा आणि रिंग ३.०५ ऐवजी २.६० मीटरवर. आपल्या सार्वजनिक मैदानांवर सहसा एकाच उंचीच्या रिंगा असतात, आणि चिमुरड्यांच्या हातात मोठ्यांचा सात नंबरचा चेंडू येतो. मग ती कमरेवरून भिरकावणार नाहीत तर काय करणार? शाळांनी आणि महापालिकेने प्रत्येक मैदानाच्या कडेला एक बुटकी रिंग लावावी. खर्च फार नाही, जागाही फार लागत नाही.